कावासे-झा उघडणार

ओसाका, २ एप्रिल १९६१

बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडता फुसाए ताईकडे सरकवाल, मला माहीत आहे. सरकवा. ती मोठ्यानं वाचेल आणि तुम्ही पलीकडे बसून फिल्मचा तुटलेला तुकडा चिकटवल्यासारखं कराल. कान मात्र इकडे. मीही काही तुमच्याकडे तोंड करून लिहीत नाहीये.

ताईनं लिहिलं की एकदा जेवता जेवता तुम्ही विचारलंत, "तो तिकडे भात खातो की शेवयांवरच आहे?" एवढं विचारलंत आणि चहा ओतून घेतलात म्हणे. तर सांगतो. भात खातो.

शेवयांच्या दुकानातलं काम केव्हाच सोडलं. मग हमामखान्यात लाकडं फोडली, तेही सोडलं. एका जागी बसलो की माझ्या पोटऱ्यांत मुंग्या येतात, हे तुम्हाला नवीन नाही. आता मी छपरांवर असतो. टीव्हीचे अँटेना लावतो. पडली ना कपाळाला आठी? पडू दे. जे तुमचा हॉल रिकामा करतंय तेच मी घराघरांवर लावत फिरतो, असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण त्यानं हॉल रिकामा व्हायच्या आधीच मला तिथे काम उरलं नव्हतं, हेही म्हणा.

काम मजेचं आहे. मी कौलांवर, घरातली बाई खाली टीव्हीसमोर. मी अँटेना थोडा फिरवतो आणि ओरडतो, "आलं का चित्र?"

"नाही हो! भुतं दिसतायत!"

"आता?"

"आता दोन-दोन भुतं!"

माझ्या जोडीला झेनजि आहे. तो उत्तरेकडचा, त्याचं बोलणं इथे कोणालाच कळत नाही, त्यामुळे ओरडायचं सगळं माझ्याच गळ्यावर. शेवटी मी बायकांना सांगायला लागलो की ओरडू नका, झाडूच्या दांड्यानं छताला ठोका. एकदा म्हणजे फिरव, दोनदा म्हणजे थांब. झेनजि म्हणाला, "हे डोकं तुझं नव्हे. कुठून चोरलंस?"

कुठून ते तुम्हाला सांगायला नको. एकदा पाय आपटला की फिरवा, दोनदा की थांबा. उनोकिचि काका नरकात माझ्या शेजारी दांड्याला खांदा लावून उभा असायचा आणि मान वर करून फळ्यांकडे बघायचा, जणू पायाचा आवाज डोळ्यांनी दिसतो. फिरत्या मंचाखालच्या त्या खड्ड्याला सगळ्याच नाटकघरांत नरक म्हणतात, पण मला तो कधी नरक वाटला नाही. वर राजा मरायचा, खाली आम्ही चौघं गोल चालायचो, आणि राजाच्या जागी समुद्रकिनारा यायचा. काका म्हणायचा, "वरचे टाळ्या खातात, आपण धूळ खातो. पण धूळ पचते बघ, टाळ्या पचत नाहीत." आणि खेळ संपल्यावर आई वर येऊन तीनदा पाय आपटायची. तीनदा म्हणजे वर या, भात झालाय. आई गेल्यावर तीनदा कोणी आपटलं नाही.

मग तुम्ही तो रुंद पडदा आणलात. त्याच्यामागे कपाटाएवढे आवाजाचे डबे ठेवायचे म्हणून फिरत्या मंचाच्या गोल फटीवर फळ्या ठोकायला घेतल्यात. मला म्हणालात, "खिळे दे." मी दिले नाहीत. तुम्ही वाकून स्वतःच घेतलेत. काका दाराशी उभा होता, टोपी हातात धरून, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. त्याच हिवाळ्यात तो गेला. त्याला आंघोळ घालताना गार पाण्यात ऊन पाणी ओतलं, किमोनो उलट्या बाजूनं बांधला, मयताचं सगळं उलटं करतात तसं. तुम्ही उदबत्ती लावलीत आणि आपल्या काळोख्या खोलीत जाऊन संध्याकाळच्या खेळाची फिल्म चढवलीत.

मी म्हणालो होतो, "नरकाला खिळे ठोकलेत, आता वर स्वर्ग चालवा." तुम्ही काहीच बोलला नाहीत. एके काळी मूकपटांना आवाज देणारा माणूस! ताई सांगायची, तुम्ही पडद्याशेजारी उभे राहून बोलायला लागलात की दरीपलीकडचे कागद करणारे लोक ओल्या हातांनी यायचे. बोलणारे सिनेमे आले आणि तुम्ही गप्प झालात ते झालातच. मी तुमच्या तोंडून पुरं वाक्य ऐकलं ते रोजचं एकच. खेळ संपला की हॉलमध्ये उभे राहून, "मंडळी, आता उघडू या." की लोक चपला शोधायला लागायचे. आजोबांनी कावासे-झाचं हे नाटकघर बांधलं तेव्हा, लोक मंगल प्रसंगी टाळतात तसे, 'संपलं' आणि 'बंद' हे दोन शब्द उंबऱ्याबाहेर ठेवले ना. पाहुण्यांचं जेवण आटोपलं तरी 'उघडू या'च म्हणायचं.

मला बोटीवर पोचवायला आला नाहीत. आला असतात तर काय म्हणाला असतात? उघडू या?

राग गेलेला नाही. भात खातो, एवढंच कळवायचं होतं.

तामोत्सु


ओसाका, ११ जून १९६१

बाबा,

अक्षराकडे बघू नका. झेनजिशी पैज लागली आहे की महिनाभर सगळं डाव्या हातानं करायचं. तो हरला की मला गरम साके पाजणार. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं दिसत असेल, पण आधी तरी काय मोत्याचं होतं. मास्तर म्हणायचे ना, "या मुलाला पाटीपेक्षा दांडा द्या."

ताईचं पत्र आलं. मी ते कामावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. तिनं लिहिलंय, 'बाबा दुपारी एकटेच मंचावर बसून खिळे उपटत असतात. मी मदतीला गेले तर हाकलून देतात. शरदातल्या जत्रेला बाबा कावासे-झा उघडणार आहेत.'

उघडणार!

बाबा, मी तुम्हाला काय काय बोललो ते सगळं तुमच्या मनातून पुसा असं म्हणत नाही. पण तुम्ही खिळे उपटताय हे वाचलं आणि माझ्या हातातली काडी शेवयांच्या वाटीत पडली. टीव्हीला कंटाळलेत ना लोक? मला वाटलंच होतं. इथेही आता बायका म्हणतात, त्या डब्यात माणसं एवढीएवढीशी दिसतात, जेवायला बोलवावीत की चिमट्यानं धरावीत. आणि तुम्ही बरोबर ओळखलंत. सिनेमा नाही तर नाटक. भटकी मंडळी अजून फिरतायत, परवाच एका मंडळीचा ट्रक इथे पुलावर अडकला होता, मुखवटे बाहेर डोकावत होते. त्यांना गाठून विचारू का?

आता नीट ऐका. मंच एकदम फिरवू नका. चार वर्षं तो हललेला नाही. मधल्या खांबाच्या बुडाशी लोखंडी वाटी आहे, तिच्यात आधी तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. नदीकडच्या बाजूला एक चाक नेहमी रडायचं, काका त्याला 'सासूबाई' म्हणायचा. तिला डुकराची चरबी लागते, दुसरं काही चालत नाही. दांडे चारही तपासा. माझ्या दांड्याला टोकाशी खळगा पडलाय, तो तासू नका. काकानं पडू दिलेला खळगा आहे तो, उजवा खांदा नेमका बसतो.

आणि फिरवायचा तो नेहमीच्याच बाजूनं. हे मी कोणाला सांगतोय! पण त्सुनेओ भाऊजी मदतीला उतरणार असतील तर त्यांना सांगा. त्यांना सायकलसुद्धा कुठल्या बाजूनं चढायची ते दोनदा विचारावं लागतं. ताई, हे वाचताना गाळू नकोस.

युद्धाच्या वेळी काय झालं होतं ते आईनंच एकदा सांगितलं. सगळी आसनं काढून शाळेतल्या मुली खाली बसवल्या होत्या आणि त्या सुरणाच्या खळीनं कागदावर कागद चिकटवून मोठमोठे फुगे करायच्या, समुद्रापार बॉम्ब सोडायला. आईही त्यांच्याबरोबर चिकटवायला बसायची. भुकेनं मुली ती खळच चोरून खायच्या. त्यांतून हे घर उठलं. बोलपटांतून उठलं. म्हणजे टीव्हीतूनही उठेल. मी उगीच शिव्या दिल्या.

मी येतो. जत्रेच्या चार दिवस आधीच येतो. इथल्या रंगाऱ्याकडून एक निशाण करून आणतोय, घराच्या दारात उभं करायला, उंच, निळं, 'कावासे-झा' असं पांढऱ्या अक्षरांत. अक्षरं तो लिहिणार आहे, मी नाही, काळजी नको.

मोरिवाकी काकू, म्हणजे माझी घरमालकीण, विचारत होती, "वडील बोलले वाटतं?" मी म्हणालो, "बोलले नाहीत हो. उघडतायत."

तामोत्सु


ओसाका, २० जुलै १९६१

बाबा,

काल इथल्या एका भाडेकरूचा निरोप होता. शिक्का कोरणारा म्हातारा, मुलाकडे राहायला जाणार. मोरिवाकी काकूंनी खाली बसकण घातली होती. बोंबील भाजले होते, साके होती, म्हातारा गायला, झेनजि त्याच्या भाषेत काहीतरी गायला आणि लोक उगीचच रडले. मी सगळ्यांना आपल्या घराचं सांगत होतो. जत्रेला माझ्या वडिलांचं नाटकघर उघडतंय, या सगळे, बोटीचं तिकीट तेवढं तुमचं.

काकूंनी एप्रनला हात पुसले, उठल्या आणि म्हणाल्या, "चला मंडळी, आता उघडू या."

सगळे उठले. म्हाताऱ्यानं चपला घातल्या. दिवा मालवला.

मी तिथेच बसून राहिलो. झेनजिनं विचारलं, "काय रे, चढली?"

बाबा, मी किती गाढव आहे ते आता ताईला खालच्या आवाजात वाचायला लावा. तुमच्याच घरात जन्मलो. रोज ते वाक्य ऐकत चपला घातल्या. माझ्या पहिल्या पत्रात मीच ते वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या पत्रात मीच निशाण रंगवायला टाकलं. ताईनं घराच्या रिवाजानं लिहिलं. 'बंद' लिहायला तिचा हात धजला नसेल. आणि मी मला जे वाचायचं होतं ते वाचलं.

म्हणजे खिळे उपटताय ते त्यासाठी. मयताला न्हाऊ घालतात तसं.

मला कोणी विचारलं नाही, हे बोलायला मला तोंड नाही, मी तर निघून गेलेला. तरी बोलतो. मला कोणी विचारलं नाही. त्या जागेवर काय येणार आहे? कोणीतरी सांगा तरी. दुकान? का तुम्हीसुद्धा छपरावर एक अँटेना लावून, भिंतीला पाठ टेकून, बोटाएवढ्या माणसांच्या कुस्त्या बघत बसणार?

आजोबांनी खांबासाठी झाड निवडायला म्हणे अख्खा पावसाळा डोंगरात काढला. कागदवाल्यांनी एकेक तुळई आपल्या खांद्यावरून उतरवली. त्या सगळ्यांना काय सांगणार आहात? तुम्ही तर बोलतच नाही.

निशाण तयार झालंय. रंगारी आज आणून देऊन गेला. उंच आहे. माझ्या खोलीत उभं राहत नाही, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलंय, कोणी आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून निजल्यासारखं दिसतं.

तामोत्सु


ओसाका, ३ सप्टेंबर १९६१

बाबा,

पार्सल मिळालं.

वर पत्ता तुमच्या अक्षरात. आत चिठ्ठी असेल म्हणून कागद उलटासुलटा केला, झटकला. नव्हती. उनोकिचि काकाची खांद्याची गादी होती फक्त. तीच, निळ्या कापडाची, आईनं तीन वेळा ठिगळ लावलेली. मला वाटायचं ती काकाबरोबर जाळली. तुम्ही ठेवलीत? एवढी वर्षं? कुठे? त्या फिल्मच्या खोलीत?

नाकाला लावली. अजून वास येतो. तेलाचा आणि काकाचा.

मोरिवाकी काकू म्हणाल्या, "हे काय, बाळाचं दुपटं?" मी म्हणालो, "बोलावणं आहे."

कळलं मला, बाबा. तुम्ही 'ये' म्हणत नाही, गादी पाठवता. चौथा दांडा रिकामा आहे, हेच ना? ताईनंही लिहिलंय. जागा बस-आगारासाठी जाणार. जत्रेच्या शेवटच्या दिवशी मंच एकदा फिरवायचा आणि मग उघडायचं. भाऊजी उतरणार, कागदवाले दोघे भाऊ उतरणार. चौथा कोणी शोधलेला नाही. 'बाबा कोणाचं नाव काढू देत नाहीत,' ती म्हणते.

आता खरं लिहितो. पैज वगैरे काही नव्हती. मे महिन्यात मी छपरावरून पडलो. पाऊस पडून गेला होता, कौलं ओली होती, खालून बाईनं काठी ठोकली ती एकदा की दोनदा ते ऐकायला वाकलो. दोष कोणाचा नाही. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण जसं जुळायला हवं तसं नाही. हात छातीच्या वर जात नाही. भांडं उचलतो, दांडा ढकलणं नाही. डॉक्टरांसमोरच मी एकदा भिंत ढकलून बघितली आणि ओरडलो. ते म्हणाले, "भिंतीचं काय बिघडवलं होतंस?"

छपरावरचं काम गेलंच. आता शहराच्या खाली भुयारी रेल्वेसाठी खणतायत तिथे आहे. पाणी उपसायच्या पंपापाशी बसतो आणि दिवा दाखवतो. बसतो! मी! झेनजि म्हणतो, तुझ्या पोटऱ्यांतल्या मुंग्या मेल्या वाटतं.

तेव्हा गादी परत पाठवत नाही, पण बांधणारही नाही. तिचे बंद उजव्या खांद्यासाठी शिवलेत. मी आलो तर काय, खाली उभा राहून बघू? दुसरा कोणी माझ्या खळग्यात खांदा घालील आणि मी कंदील धरू? ते होणार नाही. निशाण पोस्टानं पाठवतो. मी येणार नाही.

सासूबाईला चरबी लावायला विसरू नका.

तामोत्सु


ओसाका, ९ नोव्हेंबर १९६१

बाबा,

जत्रेच्या शेवटच्या दिवशी आपण बोललो नाही. तुम्ही म्हणालात, "खांदा?" मी म्हणालो, "डावा बरा आहे." तुम्ही म्हणालात, "हं." मग भाताचे गोळे खाल्ले. पहाटेच्या बोटीनं मी निघालो. वर काय झालं ते मला ताईनं सांगितलं. खाली काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. भाऊजींना सांगता येत नाही. म्हणून लिहितो.

येणार नाही असं लिहूनही मी गादी काखोटीला मारून आलोच, पण पुढच्या दारानं नाही. दारात माझंच निशाण फडफडत होतं, त्याच्याखालून जायचा धीर झाला नाही. नदीकडच्या खिडकीतून नरकात उतरलो. भाऊजी तिथे धोतरासारखं काहीतरी कमरेला गुंडाळून उभे होते. मला बघून दचकले.

"अरे तामो! भूत की काय तू?"

"हळू बोला. बाबांना सांगू नका."

"सांगतोय कशाला? मला वर जायची बंदी आहे. सगळ्यांच्या पायांत येतो म्हणे मी." मग गंभीर झाले. "आम्ही तिघंच आहोत रे. काल फिरवून बघितला, हलतो, पण धापा टाकतो. तू कंदील धर."

मी म्हणालो, "मी दांडा धरतो."

माझ्या जागेवर गेलो. खळगा तसाच होता, तुम्ही तासू दिला नव्हता. उजवा खांदा लावला आणि नुसतं टेकल्यावरच डोळ्यांपुढे अंधारी आली. कागदवाल्यांतला थोरला म्हणाला, "सोड पोरा. डाव्यानं नाही का जमत?"

डाव्यानं जमतं. पण डावा खांदा दांड्याच्या टोकाशी यायचा तर तोंड फिरवून उभं राहावं लागतं, आणि एकानं तोंड फिरवलं तर चौघांनाही फिरवावं लागतं. मंच उलटा फिरणार. आजोबांच्या दिवसापासून तो कधी उलटा फिरलेला नाही. उलटं करतात ते मयताला.

मी तसं म्हणालो.  मग भाऊजी, ज्यांच्यावर मी पत्रातून हसलो, ते म्हणाले, "मग आज दुसरं काय आहे?" आणि आधी त्यांनी तोंड फिरवलं. मग दोघा भावांनी. काकाची गादी थोरल्यानं माझ्या डाव्या खांद्यावर बांधली. बंद उलटे आले, गाठ छातीवर पडली.

तेवढ्यात वर तुमचा आवाज आला.

बाबा, मी तुमचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. फळ्यांच्या फटींतून धुळीबरोबर खाली येत होता. ताई म्हणते पडदा उतरवला होता, मंच मोकळा होता, काही नव्हतं, आणि तुम्ही मध्ये उभे राहून नसलेल्या चित्रांना आवाज देत होतात. आजोबा डोंगरात झाड शोधताना. पहिल्या नाटकाला पूर आला तो, आणि लोक होडीतून बघायला आलेले. फुगे चिकटवणाऱ्या मुली, त्यांच्यात बसलेली एक बाई खळ खाताना पकडली गेली आणि तिनं पकडणाऱ्यालाच अर्धी दिली. ती आई होती, आणि पकडणारे तुम्ही होतात? हे मला माहीत नव्हतं. वर लोक हसत होते आणि नाक ओढत होते. मग तुम्ही म्हणालात, "आणि आता, मंडळी, ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही ते लोक." आणि उनोकिचि काकाचं नाव घेतलंत. पुऱ्या नावानं. त्याच्याआधीच्या तिघांचंही. इतकी वर्षं टाळ्या वरच राहिल्या होत्या, बाबा. त्या दिवशी पहिल्यांदा खाली आल्या. धुळीसकट.

मग तुम्ही एकदा पाय आपटलात.

आम्ही ढकललं. पहिल्यांदा काही हललं नाही. मग सासूबाई रडली आणि मंच सुटला. माझ्या तोंडात गादीचा बंद होता, तो मी चावत होतो. वर कोणी बाई ओरडली, "अगं बाई, उलटा!" काही लोक हसले. तुमच्या पायाचा आवाज आला, एक पाऊल तोल गेल्याचा. तुम्ही आयुष्यभर त्या मंचावर दुसऱ्या बाजूला तोल सांभाळलात. हसणं थांबलं. मला वाटलं, आता दोनदा आपटणार. मयताची बाजू, तीही भरल्या घरात, तुम्ही थांबवणारच.

तुम्ही थांबवलं नाहीत.

तुम्ही काहीच बोलत नव्हता. पायही हलवत नव्हता. खाली आम्हाला तुमचं वजन कळत होतं. मंचावर एकच माणूस असला तरी दांड्याला कळतो, काका म्हणायचा, मला ते खोटं वाटायचं. एक फेरा झाला. थोरला धापा टाकत म्हणाला, "थांबवत का नाहीत?" भाऊजी म्हणाले, "चल गपचूप." दुसरा फेरा झाला. माझा डावा खांदा भाजल्यासारखा झाला होता आणि मला थांबायचं नव्हतं.

मग दोनदा. आम्ही थांबलो.

 मी वाट बघत होतो, आता तुम्ही म्हणणार, 'मंडळी, आता उघडू या.' सगळं घर वाट बघत होतं. तुम्ही म्हणाला नाहीत. लोक आपणहोऊनच उठले, चपलांचा आवाज आला, मुलं रडली, दारापाशी कोणीतरी निशाणाबद्दल काही बोललं. एकेक करून सगळे गेले. नदीचा आवाज यायला लागला. भाऊजी भिंतीला टेकले होते. मी गादी सोडत होतो, गाठ सुटत नव्हती.

आणि वर तीनदा पाय आपटला.

भाऊजी म्हणाले, "हे काय? तीनचा अर्थ काय रे?" ते घरात आले ते आई गेल्यानंतर, त्यांना कुठून माहीत असणार.   प्रेक्षकांतून जाणाऱ्या वाटेतलं ते झाकण, ज्यातून नाटकात फक्त भुतं वर येतात, ते उघडं होतं. मी तिथून वर आलो. तुम्ही मंचाच्या कडेला बसला होतात, मांडीवर कापडात भाताचे गोळे, आत खारवलेलं आंबट उमे फळ. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ताईनं लिहिलंय की कौलं उतरवली, आता भिंती उतरवतायत, आणि तुम्ही रोज जाऊन उभे राहता. नका राहू. इकडे या थोडे दिवस. मोरिवाकी काकू खालची खोली देते म्हणाल्या, शिक्केवाल्या म्हाताऱ्याची. तिथे टीव्ही नाही, तेवढंच.

मी दिवसभर जमिनीखालीच असतो. पंप चालू असला की हाक ऐकू येत नाही, पण डोक्यावर रस्त्यासाठी लाकडी फळ्या टाकल्यात, त्यांच्यावरून कोण गेलं ते कळतं. बंदरावरून सरळ या, काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी खणलंय तिथे. कोणाला माझं नाव विचारू नका. फळ्यांवर उभे राहा आणि तीनदा पाय आपटा.

मी वर येईन.

तामोत्सु